रविवारची इंजिनं

प्रिय दात्या,

अक्षर ओळखीचं नाही म्हणून पाकीट उलटंसुलटं करत बसू नकोस. अक्षर तुझ्या वहिनीचं आहे आणि मजकूर माझा. घरात कोणी आजारी नाही, दोघंही ठणठणीत आहोत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खुर्चीतल्या पेशंटला आ वासलेलं ठेवून तू इकडे धावत सुटशील. तुझा काही भरवसा नाही. जेवणाच्या टेबलाशी ही कागद घेऊन बसली आहे, मी समोर बसून सांगतोय, आणि हिची अट अशी की जे बोलाल ते लिहीन, फक्त शिव्या गाळीन. त्यामुळे पत्र जिथे मिळमिळीत वाटेल तिथे आपल्या मनाने भर घालून वाच.

तू म्हणशील, दर रविवारी भेटतो तर हा पत्राचा खटाटोप कशाला? तर ऐक. तुझे समोरासमोर आभार मानायला गेलं की तू दात काढतोस. तो तुझा धंदा आहे हे मान्य, पण त्यामुळे माझं बोलणं गेली कित्येक वर्षं अर्ध्यावर राहिलंय. मी गंभीर होऊन तोंड उघडलं की तुला लगेच चहा हवासा वाटतो, नाहीतर घड्याळ आठवतं. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही. बाजूला ठेवलंस तरी ते तसंच पडून राहील आणि पुन्हा उचललंस की जिथे होतं तिथूनच बोलायला लागेल.

आपली ओळख कशी झाली ते तुला आठवतं का? मला तर काल झाल्यासारखी आठवते. तू नवीन कोरी टोपी घालून मैदानावर आला होतास, हातात ते रिमोटवर उडवायचं पिवळं विमान, आणि पंखा काही फिरेना. तू जोर लावत होतास, आपल्या क्लबचा सेक्रेटरी लांबून हसत होता. मी तेव्हा कारखान्यात लेथवर होतो, पंपांचे दांडे कातायचो, त्यामुळे अडलेली वस्तू दिसली की माझ्या हाताला खाज सुटायची. मी इंजिन मागितलं, मागचं झाकण उघडलं, तर आतलं बेअरिंग विटेसारखं लाल. विचारलं, शेवटचं कधी उडवलंत? तू म्हणालास, मागच्या हंगामात. उडवून झाल्यावर तेल घातलं होतं? तू म्हणालास, तेल तर इंधनातच असतं ना? मला इतकं हसू आलं. मी म्हटलं, डॉक्टर, तुमचा पेशंट रोज गोड खातो आणि दात घासत नाही, अशी या इंजिनाची अवस्था आहे. या इंधनातलं अल्कोहोल हवेतला ओलावा पितं. उडवून झालं की इंजिनात उरलेलं थोडंसं इंधनच आतल्या पोलादाला खातं. त्या दिवशी टाकीची नळी चिमटीत धरून इंजिनातलं इंधन शेवटच्या थेंबापर्यंत कसं जाळायचं, कार्ब्युरेटरच्या तोंडातून आणि प्लगच्या भोकातून तेल कसं सोडायचं, मग पंखा हाताने फिरवून ते आत सगळीकडे कसं पोचवायचं आणि शेवटी इंजिन फडक्यात कसं गुंडाळून ठेवायचं, हे मी तुला शिकवलं. तू अगदी गुणी विद्यार्थ्यासारखं ऐकलंस आणि शेवटी म्हणालास, म्हणजे झोपायच्या आधी चूळ भरायची. त्याच दिवशी मी तुला दात्या म्हणालो आणि तू मला गिरमिट. का, तर मी एकदा बोलायला लागलो की भोक पडेपर्यंत थांबत नाही. दोन्ही नावं चिकटली ती चिकटलीच.

मग किती रविवार गेले. तू बिनलग्नाचा, तुला घाई नाही. मला घाई होती, पण हिने कधी कुरकुर केली नाही. (ही म्हणते, केली होती, ह्यांनी ऐकली नाही. लिहू दे, तिचंच पेन आहे.) मैदानावर तू म्हणजे एक नमुनाच. उडवायचास झकास, उतरवायचास मात्र असं की दर महिन्याला एक चाक नवीन. मी म्हणायचो, दात उपटायची सवय लागली की माणूस सगळंच उपटतो.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलं नाहीस. त्या दिवशी माझं विमान वर होतं, पोटाला लाल रंग दिलेलं. आभाळ स्वच्छ. मी वळण घेतलं आणि विमान नाहीसं झालं. ढग नाही, ऊन डोळ्यांवर नाही, आणि आवाज तर येतोय. मी मान फिरवून शोधत होतो. नळीतून आभाळ बघावं तसं मला एवढंसं वर्तुळ दिसत होतं आणि त्या वर्तुळात विमान नव्हतं. मैदानाच्या कडेला माणसं होती, कोणाच्या डोक्यात जाऊन आदळलं असतं तर? तेवढ्यात तुझा हात आला. माझ्या हातातला रिमोट काढून घेतलास, हळूच म्हणालास, डावीकडे आहे, मी आणतो. आणलंस, उतरवलंस, आणि नेहमीप्रमाणे चाक मोडलंस. बाकीचे जमले तेव्हा मोठ्या आवाजात म्हणालास, ह्याचा रिमोटच बिघडलाय, मी केव्हापासून सांगतोय नवीन घे म्हणून. सगळ्यांनी मान डोलावली. परतताना गाडी तूच चालवलीस. माझ्या दारात गाडी थांबवून म्हणालास, उद्या डोळे दाखवू. मी दातांचा असलो तरी माझ्या ओळखी आहेत.

काचबिंदू. उशिरा कळला. तू क्लिनिक बंद ठेवून मला कुठे कुठे घेऊन हिंडलास, किती डॉक्टरांपुढे बसलास, त्यांना काय काय विचारलंस. डोळे राहिले नाहीत, त्याला तू काय करणार? आधी बाजूचं गेलं, मग मधलं. कारखान्यात फोरमनने मला लेथवरून उतरवलं आणि ते बरोबरच केलं, फिरत्या लोखंडाजवळ आंधळा माणूस उभा करणं हा गुन्हा आहे. निरोपाला सगळे आले होते. त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

मग मी खुर्चीत बसलो. गॅलरीजवळची ती वेताची खुर्ची. ही सकाळी नोकरीवर जायची, संध्याकाळी यायची, मी तिथेच. तू यायचास, बोलायचास, मी हूं हूं करायचो. मला कोणाचाही आवाज नकोसा झाला होता, तुझा धरून. हिने कधी सांगितलं का तुला? मी दाढी करणं सोडलं होतं. कशाला करायची, आरशात कोणी दिसत नव्हतं.

आणि एका रविवारी दुपारी तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर आपटलास. म्हणालास, तीन इंजिनं आहेत, आत्ताच मैदानावरून आलोय, मला वेळ नाही, तेल घालून ठेव.

मी म्हटलं, दात्या, मला दिसत नाही.

तू म्हणालास, तेल घालायला काय दिसावं लागतं?

आणि निघून गेलास. दार आपटल्याचा आवाजसुद्धा मला आठवतो. मी तुला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते ही लिहिणार नाही. बराच वेळ तो डबा तसाच मांडीवर होता. मग झाकण निघालं, कसं निघालं देव जाणे, आणि इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास आला. तो वास तुला ठाऊक आहे. तो नाकात गेला आणि माझे हात आपोआप कामाला लागले. मला विचारायला थांबलेच नाहीत. प्लग काढला, बोटाने भोक चाचपलं, ड्रॉपरचं टोक नखाला टेकवून थेंब मोजले, पंखा फिरवला. पहिलं इंजिन झालं, दुसरं झालं. तिसऱ्याचा एक स्क्रू निसटला आणि टणटण करत गेला. मी जमिनीवर उतरलो. गुडघ्यांवर, हाताच्या पंज्याने फरशी पुसत पुसत सगळी खोली पालथी घातली. खुर्चीखाली नाही, पलंगाखाली नाही. शेवटी फ्रिजखाली सापडला. तेवढ्यात ही बाजारातून आली, मला जमिनीवर पालथा बघून किंचाळली. आणि मी हसत होतो, दात्या. स्क्रू वर धरून हसत होतो. हिला वाटलं मला झटका आलाय.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तू डबा घेऊन यायचास. मी कडा असलेलं ताट घेतलं, स्क्रूंसाठी बाटल्यांची झाकणं घेतली, प्रत्येक इंजिनाला वेगळं फडकं ठेवलं. बेअरिंग कानाशी धरून फिरवायचो, आत एवढीशी खरखर असली तरी कळायची. डोळे होते तेव्हा सुद्धा मी इतका नीट ऐकत नव्हतो. हळूहळू क्लबातले बाकीचेही आपली इंजिनं तुझ्याबरोबर पाठवायला लागले. सेक्रेटरीने निरोप पाठवला होता, गिरमिटच्या हातून आलेलं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. तो निरोप मी हिच्याकडून दोनदा वाचून घेतला होता. दाढीही करायला लागलो. तुझ्या त्या पेशंट, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकीणबाई, त्यांच्यापुढे तू माझं काय पुराण लावलंस कोण जाणे. दात कोरताना पेशंटला बोलता येत नाही याचा तू फायदा घेतला असणार. एक दिवस त्यांनीच मला बोलावलं आणि एक मशीन पुढे ठेवलं. गंजून जाम झालेलं. मी ते खोललं, साफ केलं, तेल दिलं, चाक फिरवलं, सुईची टकटक ऐकली. बाई म्हणाल्या, सोमवारपासून या. आज तिथे जायला लागून वर्ष उलटून गेलं. पगार होतो, चहा मिळतो, गिऱ्हाइकांची भांडणं ऐकायला मिळतात. माणसाला आणखी काय लागतं?

आता जे सांगायचंय त्याकडे येतो. इथून पुढे तुझ्या वहिनीलाही हे नवीन आहे, तिला वाटतंय मी नुसते आभाराचे चार शब्द सांगणार आहे.

मागच्या वर्षी एका रविवारी तू डबा दिलास, मी पहिलं इंजिन हातात घेतलं, तर ते कोमट होतं. मैदानापासून माझ्या घरापर्यंत यायला तासभर तरी लागतो. तेवढ्या वेळात एवढंसं इंजिन गारढोण व्हायला पाहिजे. वाटलं, ऊन असेल, गाडीत तापलं असेल. मग पुढच्या रविवारीही कोमट. मग मी लक्ष द्यायला लागलो. आधी इंजिनाच्या कंगोऱ्यांत गवताची कुसळं असायची, मैदानावरची ती टोचणारी, नखात घुसणारी. ती बंद झाली, आणि क्लबातल्या बाकीच्यांची इंजिनंही येईनाशी झाली. मी सहज म्हणालो, काय रे, मैदान झाडलं की काय कोणी? तर पुढच्या वेळी कंगोऱ्यांत काहीतरी हिरवं होतं. मी ते चिमटीत धरून चुरडलं. दात्या, तो पुदिना होता. तुझ्या मागल्या अंगणातल्या कुंडीतला. मी तो नाकाशी धरून बसलो होतो आणि तू समोर बसून आज वारा किती आडवा होता ते मला सांगत होतास.

पंख्याच्या कडांचंही तसंच. उतरताना जमिनीला घासून पंख्याला टवके पडतात, वाकडेतिकडे, एक इथे तर एक तिथे. तुझ्या पंख्यांचे टवके मात्र सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. दंतवैद्याशिवाय कोणाला इतकं सुबक मोडता येणार? आणि सगळ्यात मोठी चूक तू केलीस ती गोष्टी सांगताना. दर रविवारी तुझं विमान लोण्यासारखं उतरत होतं. अरे, बाकी सगळ्यावर विश्वास ठेवला असता मी.

दुकानात मला न्यायला-आणायला एक व्हॅन येते. रस्ता खणला होता म्हणून एक दिवस ड्रायव्हरने लांबून वळसा घेतला. वळणांवरून मला अंदाज आला आपण कुठे आहोत ते. म्हटलं, डाव्या हाताला मोकळं मैदान लागेल, फाटकापाशी जरा थांबव. तो म्हणाला, काका, मैदान कुठलं? मोठी भिंत आहे, आत गोदामं आहेत, वर्ष होऊन गेलं की. त्याने तरीही गाडी थांबवली. मी खाली उतरून उभा राहिलो. आतून ट्रक मागे घेतल्याचे आवाज येत होते. आपण जिथे विमानं उडवायचो तिथे.

आणि मग महिनाभरापूर्वी दुकानात एक रिटायर झालेल्या हेडमिस्ट्रेस आल्या. मशीन दुरुस्त होईपर्यंत त्या शेजाऱ्याबद्दल बोलत होत्या. शेजारी दातांचा डॉक्टर, म्हणाल्या, चांगला शिकलेला माणूस, पण डोकं फिरलंय. दर रविवारी दुपारी मागच्या अंगणात सुताराच्या लाकडी घोड्यावर विमानाचं इंजिन बांधतो आणि चालू करतो. विमान नाही, काही नाही, नुसतं इंजिन बोंबलतं. आणि हा उन्हात त्याच्या शेजारी उभा, टाकी संपेपर्यंत. मग त्यात कुंडीतला पाला कोंबतो आणि कुठेतरी निघून जातो. दोनदा तक्रार केली, तर हात जोडून म्हणतो, बाई, माझं एवढं रविवारचं काम होऊ द्या. मी मशीनमध्ये मान घातली होती म्हणून बरं. बाईंना माझा चेहरा दिसला नाही.

इथे हिचं पेन थांबलं आहे. मी म्हटलं, लिही. पेन हलेना. मग हिने विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? मी म्हटलं, पुदिन्यापासून. ही उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. परत आली, कागद सरळ केला आणि म्हणाली, आता थोडं मी लिहिते, तुम्ही गप्प बसा.

भाऊजी, हे मी लिहिते आहे. मैदान बंद झालं ते सांगायला तुम्ही माझ्या ऑफिसात आला होता, तेव्हा मीच तुम्हाला म्हणाले होते की ह्यांना सांगू नका, रविवार गेला तर हे परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. तेव्हा दुकानाचं काही ठरलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, रविवार जाणार नाही वहिनी, ते माझ्यावर सोडा. काय करणार ते मी विचारलं नाही. मला वाटलं तुम्ही दुसरीकडे कुठे उडवता. अंगणात उभे राहता हे मला आत्ता कळलं. माझे डोळे भरून आलेत म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्या.

बरं, आता पुन्हा मी. म्हणजे तुम्ही दोघं सामील. मला संशय होताच. मी म्हणायचो, या रविवारी मलाही मैदानावर ने, नुसता बसून ऐकेन, की हिची कंबर दुखायला लागायची. इतकी वेळेवर दुखणारी कंबर मी दुसरी पाहिली नाही.

तू विचारशील, कळलं होतं तर इतके महिने बोलला का नाहीस? दात्या, मला ते आवडत होतं. कोणीतरी आपल्यासाठी भर उन्हात उभं राहतं, शेजाऱ्यांची बोलणी खातं, पंख्याला कानशीने टवके पाडतं, आणि मग माझ्यासमोर बसून न सुटलेल्या वाऱ्याची वर्णनं करतं. माझ्या आईनंतर माझ्यासाठी इतकं खोटं कोणी बोललं नव्हतं. ती इंजिनं मी जितक्या जीव लावून साफ केली तितकी उडणारी इंजिनंही केली नव्हती. एका थेंबाचाही फरक केला नाही. पुदिनासुद्धा ब्रशने काढून, फुंकर मारून, कंगोरा कंगोरा साफ केला. गंज मैदानाचा असो की अंगणाचा, तो सारखाच लागतो. तू काळजी करू नकोस, तुझं एकही इंजिन माझ्या हातून खराब झालेलं नाही. सगळी आत्ता लावली तरी उडतील.

पण परवा मी सेक्रेटरीला फोन लावला. किती वर्षांनी बोललो. त्याने सांगितलं, क्लब मोडलेला नाही, नदीपलीकडे, गाडीने बराच लांब, नवीन मैदान मिळालंय, सगळे तिकडे जातात, सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. मी विचारलं, दात्या? तो म्हणाला, डॉक्टरांना किती वेळा बोलावलं. ते म्हणतात, जमायचं नाही, रविवारी दुपारी मला एका ठिकाणी जायचं असतं.

तेव्हा मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि असते तरी हिने गाळले असते. वर्षापेक्षा जास्त झालं, तू विमान उडवलेलं नाहीस. तुझ्या आयुष्यात दुसरी कुठली चैन नव्हती. मी तुला आधी सोडवायला हवं होतं की नाही यावर मी डोकं खाजवत बसणार नाही, कारण तू ते ऐकून दात काढशील. एवढंच सांगतो की आता मला रविवारची भीती वाटत नाही. तुझ्यामुळे वाटत नाही. सोमवारी दुकान असतं, हात कामात असतात, घरी हिच्याशी भांडायला विषय असतात. तू ज्या माणसासाठी अंगणात उभा राहत होतास तो खुर्चीतून कधीच उठलाय.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी डबा आणू नकोस. मी व्हॅनच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, सकाळी तो आधी आम्हा दोघांना घेईल आणि मग तुझ्या दाराशी येईल. पिवळं विमान बाहेर काढ, पंखांचं कापड कुठे सुटलंय का बघ, बॅटरी भरून ठेव. सेक्रेटरीला कळवलंय, त्याने तुझी जागा राखली आहे. तुझी वहिनी जेवणाचा डबा आणि छत्री घेऊन येणार आहे, कंबर दुखणार नाही असं तिने कबूल केलंय. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. विमान कुठे आहे ते तू मला सांग, आणि इंजिनाला इंधन कमी पडतंय की जास्त ते मी तुला सांगेन. उतरवताना मात्र मला काही विचारू नकोस, तेव्हा आपण दोघेही देवावर हवाला ठेवू. शनिवारपर्यंत तुझा निरोप आला नाही तर मी होकार समजेन. आणि नाही म्हणून निरोप आला तरी गाडी येणारच आहे.

तुझाच,
गिरमिट